जुन्या व्हॅनचा हीटर कॉक

हीटर कंट्रोल वॉल्व्ह, म्हणजे गॅरेजच्या बोलीत हीटर कॉक, ही इंजिनाकडून केबिनकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवरची एक लहान झडप असते. डॅशबोर्डवरची निळ्या-लाल खुणेची कळ सरकवली की तार ओढली जाते, कॉकचा दांडा फिरतो आणि झडप उघडते किंवा मिटते. उघडली की इंजिनाचे तापलेले पाणी डॅशबोर्डच्या आतल्या हीटर कोअरमधून, म्हणजे वहीएवढ्या एका छोट्या रेडिएटरमधून, फिरते आणि पंख्याची हवा त्यावरून गरम होऊन येते. मिटली की पाणी तिकडे जात नाही. नव्या गाड्यांत बहुधा हा कॉक नसतोच. तेथे कोअरमधून पाणी सतत वाहते आणि हवेचा पडदा तेवढा हलतो. जुन्या व्हॅनमध्ये मात्र गारवा आणि ऊब यांच्यामधली राखण या कॉकवर असते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत या कॉककडून निराळीच अपेक्षा असते. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. डिसेंबर-जानेवारीतल्या काही गार पहाटा आणि पावसाळ्यात काच धुरकटते ते दिवस सोडले तर हीटरची आठवण कुणाला होत नाही. थंड मुलुखात कॉक बिघडला म्हणजे तो उघडत नाही म्हणून तक्रार येते. इथे तो मिटत नाही म्हणून येते, आणि येते ती हीटरच्या नावाने नव्हे. चालक सांगतो, ‘एसी मारत नाही’, किंवा ‘पाणी कुठे जाते समजत नाही’. दोन्ही तक्रारींमागे कॉक असू शकतो, हे लक्षात यायला वेळ लागतो आणि तोवर बराच खर्च भलत्याच जागी होऊन गेलेला असतो.

या गाड्यांचे वय पाहिले तर बिघाडाचे आश्चर्य वाटत नाही. मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली, १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. टाटा सुमो १९९४ ची. टोयोटा क्वालिस २००० मध्ये आली आणि २००५ मध्ये बंद झाली. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सर्वांत धाकटी क्वालिसही वीस वर्षे ओलांडून गेली आहे. इंजिन एवढे टिकते. रबराचा पाइप आणि प्लास्टिकचा कॉक टिकेलच असे नाही. ओम्नीचा मूळ आराखडा सुझुकी कॅरीचा, म्हणजे हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या देशातला. विदर्भात तोच हीटर वर्षातले बहुतेक महिने नुसता बसून असतो.

पण गाडी बसून नसते. लग्नसराईत वऱ्हाडी, एरवी माहूरला किंवा कळंबच्या चिंतामणीला निघालेली कुटुंबे, शाळेची मुले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायचे पेशंट. भर उन्हात मागच्या सीटवर आजारी माणूस आडवा असताना डॅशबोर्डमधून गरम झोत येणे, किंवा वाटेत पाइप फुटून गाडी उभी राहणे, ही गैरसोयीपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. एवढ्याशा कॉकचे काम मन लावून करावे लागते ते यासाठी.

पाण्याचा मार्ग आधी समजून घ्यावा. वॉटर पंप पाणी ब्लॉकमधून आणि हेडमधून ढकलतो. थर्मोस्टॅट मिटलेला असेपर्यंत हे पाणी रेडिएटरकडे जात नाही, आतल्या आत फिरते. बहुतेक जुन्या इंजिनांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडायला लागतो आणि मग रेडिएटरचे काम सुरू होते. हीटरची वाट यापासून स्वतंत्र असते. हेडजवळून एक पाइप निघतो, कॉकमधून कोअरमध्ये जातो आणि दुसऱ्या पाइपने पंपाकडे परततो. म्हणून कॉक अर्धवट उघडा राहिला तर ८०-९० अंशांचे पाणी थेट डॅशबोर्डच्या पोटात फिरत राहते. ज्या गाडीत एसीची जाळी आणि हीटर कोअर एकाच पेटीत शेजारी-शेजारी असतात, तिथे एका जाळीने गार केलेली हवा दुसरी लगेच तापवते. कंप्रेसर चांगला, गॅस पुरेसा, पंखा जोरात, आणि तरी हवा कोमट. अशा गाडीत गॅस पुन्हा भरून काही साधत नाही. गॅरेजच्या कामात हा खर्च सर्वांत वाईट वाटतो, कारण चालकाच्या खिशातून पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच तक्रारीसह परत येतो.

परीक्षा मात्र हाताने होते, यंत्र लागत नाही. गाडी चालवून पूर्ण तापवावी, कळ ‘थंड’वर ठेवावी, काही मिनिटे तशीच चालू ठेवून मग इंजिन बंद करावे. कॉकच्या अलीकडचा, इंजिनाच्या बाजूचा पाइप हाताला चटका देणारा असणारच, म्हणून त्याला बोटाने ओझरता स्पर्श करावा. मग कॉकच्या पलीकडचा, कोअरकडे जाणारा पाइप चाचपावा. कॉक पक्का मिटत असेल तर हा पाइप पहिल्यापेक्षा स्पष्ट गार लागतो. दोन्ही सारखेच तापलेले असतील तर पाणी आत जात आहे. कळ ‘गरम’वर नेल्यावरही पलीकडचा पाइप गारच राहिला, तर कॉक अडकलेला आहे, कोअर तुंबला आहे, किंवा पाणी कमी होऊन आत हवा अडकली आहे, त्यातले काय ते ठरवताना आधी पाण्याची पातळी पाहायची.

दोन्ही पाइप गरम लागले तरी लगेच नवा कॉक मागवू नये. दुसऱ्या माणसाला आत बसवून कळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायला सांगावे आणि कॉकच्या दांड्याकडे पाहावे. दांडा अर्ध्यावर थांबत असेल तर पुष्कळदा तारेच्या बाहेरच्या आवरणाला धरणारी क्लिप सुटलेली असते. आवरणच मागे-पुढे सरकते, तार ओढलीच जात नाही. क्लिप जागेवर बसवली की काम होते, आणि असे काम विनाखर्च करून देणारा मिस्त्री गावात नाव कमावतो. दांडा पूर्ण फिरूनही पाणी जात असेल, दांड्याच्या बुडाशी पांढरा-हिरवा थर साचला असेल, किंवा तिथून थेंब झिरपत असतील, तर मात्र कॉक बदलण्यास पर्याय नाही.

गळती ओळखतानाही एक घोटाळा टाळायचा असतो. डावीकडच्या प्रवाशाच्या पायाशी मॅट ओली दिसली की ते एसीचे पाणी असेल असे गृहीत धरले जाते. एसीचे पाणी निव्वळ पाणी असते, बोटाला काही लागत नाही. इंजिनाच्या पाण्यातले कूलंट बोटांत चोळले की बुळबुळीत लागते, रंग असतो, गोडसर वास येतो. काचेवर आतून तेलकट धूर बसत असेल आणि पुसूनही परत येत असेल, तर गळती कॉकची नसून कोअरची आहे. त्यासाठी डॅशबोर्ड उघडावा लागतो आणि ते काम वेगळे, मोठे आहे.

कॉक मरतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग बेसाल्टच्या काळ्या खडकावर आहे आणि बोअरचे पाणी जड असते. घराघरांत गिझरमध्ये, भांड्यांच्या तळाशी जो पांढरा थर दिसतो तोच इंजिनात साचतो, शिवाय तिथे गंजाचा गाळ त्याला मिळतो. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की हातपंपाचे, टाकीचे, ढाब्यावरच्या पिंपातले, मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते. हलती झडप हा थर खरवडत राहते. वर्षभर न हललेल्या झडपेवर तो चढत जातो, आणि मग जानेवारीत कुणी कळ जोराने ओढली की कॉक पितळी असेल तर घट्ट धरतो आणि प्लास्टिकचा असेल तर त्याचा दांडा तुटतो. तुटला तर तो जिथे थांबला तिथेच राहतो, आणि बहुधा उघडाच राहतो.

गावात यावर सर्वाधिक चालणारा उपाय म्हणजे बायपास. कोअरकडे जाणारे दोन्ही पाइप काढून इंजिनाची दोन तोंडे एका वाकड्या पाइपने जोडून टाकायची. स्वस्त, झटपट, आणि मे महिन्यात गाडीची रोजी बुडू न देणारा. प्रवासात फुटलेला कॉक असेल तर हाच उपाय करून पेशंटला यवतमाळला पोहोचवावे, यात दुमत नाही. पण कायमचा उपाय म्हणून तो पटण्यासारखा नाही. पावसात काच आतून धुरकटली की एसी नसलेल्या ओम्नीत ती साफ करण्याचे एकमेव साधन म्हणजे हीटरची कोरडी हवा. फडक्याने काच पुसत एका हाताने गाडी चालवणारा चालक आणि समोरून येणारा ट्रक, हे चित्र घाटंजी-पांढरकवडा रस्त्यावर पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला हा मुद्दा वेगळा समजावावा लागत नाही. दुसरे असे की चढावर इंजिन तापू लागले तर एसी बंद करून, खिडक्या उघडून, हीटर पूर्ण ‘गरम’वर आणि पंखा जोरात ठेवला की कोअर जादा रेडिएटरसारखा काम करतो. आतल्यांना त्रास होतो, पण हेड गॅस्केट वाचू शकते. बायपास केलेल्या गाडीत ही शेवटची सोय राहत नाही.

याहून वाईट म्हणजे जोडण्याऐवजी दोन्ही तोंडे खुंटी ठोकून बंद करणे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट मिटलेला असताना पाणी फिरवण्याचे काम हीटरची वाटच करते. ती बंद झाली की हेडमधले पाणी जागीच तापते आणि थर्मोस्टॅटपर्यंत उष्णता वेळेवर पोहोचत नाही. उन्हाळ्यात थर्मोस्टॅटच काढून फेकण्याची पद्धतही अशीच घातक. गाडी गार राहते असे वाटते. प्रत्यक्षात हिवाळ्याच्या सकाळी इंजिन लवकर तापत नाही, इंधन जास्त जाते आणि ऑइल लवकर खराब होते.

कापसाच्या या भागात शेतात ठिबक आहे, फवारणीचे पंप आहेत, आणि कृषी केंद्रात हरतऱ्हेचे कॉक आणि नळ्या मिळतात. मापाने जुळणारा ठिबकचा कॉक हीटरच्या पाइपवर बसवण्याचा मोह म्हणूनच होतो. तो आवरला पाहिजे. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि इंजिनाचे पाणी त्याहून गरम व दाबाखाली असते. फवारणीची नळीही तशीच निकामी. ती आधी फुगते, मग क्लिपखालून सटकते. पितळी बॉल वॉल्व्ह मापाचा मिळाला तर तो हाताने उघड-मीट करण्यापुरता चालू शकतो, पण डॅशबोर्डवरची कळ मग नावालाच राहते.

नवा कॉक मागवताना जुना काढून हातात धरून मागवावा. गाडीचे नाव सांगून आलेला भाग नेहमी जुळतोच असे नाही; एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक दांड्याची दिशा बदललेली असते. तीन गोष्टी पडताळायच्या. तोंडाचे माप, जे बहुधा पाच सूत म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर असते; तार ओढल्यावर कॉक उघडतो की मिटतो; आणि पाणी कोणत्या बाजूने शिरते ते दाखवणारा बाण. घाटंजीत भाग मिळाला नाही तर तो यवतमाळहून किंवा नागपूरहून येतो, म्हणून चुकीचा भाग आला की गाडी आणखी एक दिवस उभी राहते. हातात आल्यावर कॉक मिटवून एका तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंकावे. हवा गेली तर तो नवा असूनही परत करावा.

काम गार इंजिनावरच करायचे. रेडिएटरचे झाकण अनेक गाड्यांत ०.९ बारच्या आसपास दाब धरते आणि त्या दाबाखाली साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे तापलेल्या गाडीत १०० अंशांच्या वरचे पाणी न उकळता थांबलेले असू शकते. झाकण सैल होताच ते वाफ होऊन उसळते. तोंडावर आणि हातावर भाजलेले चालक या कारणाने दवाखान्यात येतात. झाकणावर ओले फडके टाकून ते फिरवणे हा बचाव नाही. वाट पाहणे हाच बचाव आहे.

ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे सीट उचलल्याशिवाय इंजिनाकडची टोके सापडत नाहीत. सुमो-क्वालिससारख्या गाडीत बॉनेट उघडून मागच्या पत्र्याजवळ हात घालावा लागतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, खाली रुंद तसराळे ठेवून रेडिएटरचे पाणी सोडावे. हे पाणी नालीत किंवा अंगणात ओतू नये. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. कुत्रे ते चाटतात, वासरे तोंड लावतात, आणि थोड्याशा प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी होतात. ज्या गावात गॅरेजच्या शेजारीच गोठा असतो तिथे ही काळजी घेतलीच पाहिजे. झाकणाच्या डब्यात भरून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे.

पुढचा टप्पा सर्वांत नाजूक आहे. वीस वर्षांचा रबरी पाइप कोअरच्या नळीला चिकटून एकजीव झालेला असतो. पक्कड लावून तो पिळला तर रबर फिरत नाही, आतली पातळ नळी फिरते. कोअरला ती डागाने किंवा पातळ पत्र्यातून जोडलेली असते. एकदा तिथे चीर पडली की कॉकचे काम कोअरचे होऊन बसते. म्हणून पाइपचा मोह सोडावा. क्लिप सैल करून मागे सरकवावी, पाइपच्या टोकाला लांबीच्या दिशेने ब्लेडने एक चीर द्यावी, ब्लेड नळीच्या धातूवर ओरखडा काढणार नाही इतक्या हलक्या हाताने. मग चीर दोन्ही अंगठ्यांनी उघडत केळीच्या सालीसारखा पाइप सोलून घ्यावा. खालून पांढऱ्या भुकटीची एक कडी निघते. तीच जुनी गळती असते, वर्षानुवर्षे क्लिपखाली सुकत गेलेली. ती बारीक पॉलिश पेपरने घासून धातू गुळगुळीत होईपर्यंत साफ करावी, नाहीतर नवा पाइप त्याच जागी पुन्हा झिरपेल.

कॉक निघाल्यावर कोअर धुऊन घ्यावा. नळाची नळी एका तोंडाला लावून बेताच्या दाबाने पाणी सोडावे, मग दुसऱ्या तोंडातून उलटे. पहिल्यांदा तपकिरी, लालसर गाळ येतो, मग खवले, मग स्वच्छ पाणी. घाईत हा टप्पा गाळला जातो आणि तोच गाळ नव्या कॉकमध्ये जाऊन बसतो. काही महिन्यांत बिघडलेला ‘डुप्लिकेट’ कॉक पुष्कळदा डुप्लिकेट नसतो, न धुतलेल्या कोअरचा बळी असतो.

नवे पाइप जुन्याच्याच लांबीचे आणि वळणाचे कापावेत. ताणून बसवलेला पाइप इंजिनाच्या थरथरीने सुटतो आणि लांब झालेला कुठेतरी दुमडतो. बसवताना टोकाला कूलंट किंवा साबणाचे पाणी लावावे. ग्रीस, ऑइल लावू नये, त्याने रबर फुगते. क्लिप नळीच्या उंच कडेच्या आत येईल अशी ठेवावी आणि तिचा स्क्रू पुढे कधी पेचकस पोहोचेल त्या बाजूला असावा. आवळताना रबर क्लिपच्या दोन्ही अंगांनी किंचित फुगले की थांबावे. त्याहून जोर लावला तर प्लास्टिकच्या कॉकचे तोंड आतून तडकते आणि ते त्या वेळी दिसत नाही, पहिल्या लांबच्या फेरीत दिसते.

तार जोडणे सोपे, पण निम्मे काम त्यावर अवलंबून आहे. कळ ‘थंड’च्या शेवटच्या टोकाला न्यावी, कॉकचा दांडा हाताने पूर्ण मिटवावा, मगच तारेचे वळण खुंटीत घालावे. आवरण हलके ओढून ढिलाई काढावी आणि क्लिप दाबावी. विदर्भात हे टोक अचूक हवे: कळ ‘गरम’कडे एखादा मिलिमीटर कमी गेली तरी बिघडत नाही, ‘थंड’कडे कमी पडली तर सगळा उन्हाळा पाणी झिरपत राहते.

पाणी भरताना बोअरचे पाणी वापरूच नये. तयार मिश्रण घ्यावे, किंवा कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे. इथे गोठण्याची भीती नाही म्हणून कूलंट नको, हा समज खोटा आहे. गंज रोखणारी रसायने त्यातच असतात, म्हणून गरम प्रदेशातही सुमारे ३० टक्के प्रमाण ठेवावे. भरताना कळ ‘गरम’वर ठेवून कॉक पूर्ण उघडावा, नाहीतर कोअरमध्ये हवा कोंडते. झाकण उघडे ठेवून गार इंजिन सुरू करावे, बुडबुडे येत राहतील तसतसे पाणी घालावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेव्हा पुन्हा भरून झाकण लावावे. डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल तर हवा अजून आहे, आणि गाडी चढावर तोंड वर करून उभी केली तर ती बहुधा निघते.

मग सुरुवातीचीच परीक्षा पुन्हा घ्यावी: तापलेली गाडी, ‘थंड’वर कळ, दोन पाइपांवर हात. दुसऱ्या सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, प्रत्येक क्लिप एकदा पेचकसाने तपासावी, कारण पहिल्या तापण्या-निवण्यात रबर बसते आणि क्लिप थोडी सैल पडते. बाजूच्या टाकीतली पातळी खुणेपर्यंत आहे का ते पाहावे. गाडी परत देताना चालकाला एक सवय आवर्जून लावावी: महिन्यातून एकदा, ऐन मे असला तरी, गाडी सुरू असताना कळ दोन-चार वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची.